वीस पटाच्या शाळेचा 100 टक्के निकाल कसा वाचायचा?

प्रश्न असा आहे: बीड जिल्ह्यात बँकेत बदली झाली आहे, मुलगी तिसरीत जाणार. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची माहिती सरकारी पोर्टलवर पाहिली. पहिली ते चौथी, पट 20 मुलांचा, शिक्षक 2. खुल्या प्रवर्गातलं मूल यादीत एकच, ते कसं? शाळेच्या भिंतीवर ‘निकाल 100 टक्के’ असं रंगवलंय. शाळा चांगली समजायची का? आणि ती टिकेल का?

मी याच जिल्ह्यात अकरा वर्षं अशाच शाळांवर काढली, तीही बहुतेक दोनशिक्षकी. त्यामुळे आधी भिंतीवरचं पुसून टाकू. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे. त्यानंतर पहिली ते चौथीत कुणी नापास होतच नाही. पाचवी-आठवीला आता पुन्हा परीक्षा आली, पण तुमची शाळा चौथीलाच संपते. म्हणजे तो 100 टक्के निकाल शेजारच्या गावालाही आहे आणि त्याच्या शेजारच्यालाही. रंग तेवढा ताजा असेल.

पोर्टलवर तुम्ही जे पाहिलंत ते यूडायस, म्हणजे शाळांची सरकारी नोंद. त्यात शौचालय, पाणी, वीज, खोल्या, प्रवर्गनिहाय मुलं हे सगळं मिळतं. तिसरीच्या मुलाला वाचता येतं का, एवढं मिळत नाही. ते बघायला लोक ‘असर’चा अहवाल उघडतात. तो चांगलाच आहे, घरोघरी जाऊन मुलांकडून वाचून घेतात. 2024 च्या असरमध्ये देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची 23.4 टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. आता हा आकडा तुमच्या गावाला लावून बघा. तिसरीत असतील समजा तीन मुलं. त्यांचे 23.4 टक्के म्हणजे पाऊण मूलही होत नाही! दोघांना वाचता येत असेल आणि त्यातल्या एकाला तापामुळे जमलं नाही, की शाळेची ‘गुणवत्ता’ 67 वरून 33 वर. इतक्या लहान शाळेत टक्केवारी काढूच नये, नावं विचारावीत.

नावांवरून खरा विषय येतो. तुमच्या तालुक्यात ऊसतोड आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. ज्यांना घरी आजी-आजोबा आहेत ती मुलं मागे राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह नावाची योजना आहे. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच ठिकाणी दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडे, असंच ते चालतं. ज्यांना कुणी नाही ती मुलं आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर जातात.

आता तारखा बघा. शाळेचा पट, ज्यावर शिक्षक मंजूर होतात, तो धरतात 30 सप्टेंबरचा. तेव्हा सगळे गावात असतात. मुलांना काय येतं हे तपासणारं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं 13 नोव्हेंबर 2017 ला आणि मग 12 नोव्हेंबर 2021 ला. त्याच्या जागी आलेलं परख सर्वेक्षण 4 डिसेंबर 2024 ला. तिन्ही तारखांना आमच्या भागातली तोड सुरू झालेली. म्हणजे मोजायला मूल हजर आणि तपासायला गैरहजर. जिल्ह्याचा म्हणून जो निकाल छापून येतो, तो बऱ्याच अंशी गावात मागे राहिलेल्यांचा. मला यात कुणाचं कारस्थान दिसत नाही. दिल्लीत वेळापत्रक आखणाऱ्याला गाळप हंगाम कधी सुरू होतो हे कोण सांगणार?

माझ्या चौथीत एक मुलगी होती. एप्रिलच्या मध्यावर आली, हाताला उसाच्या पाल्याने कापल्याच्या रेघा. मराठीच्या पुस्तकातला धडा दिला तर ‘प्रश्न’ शब्दापाशी अडली, ‘प’ म्हणाली आणि थांबली. मी मराठी सोडून गणितावर आलो, तर तिने दप्तरातून उसाच्या वजनकाट्याची पावती काढली. वडिलांनी जपून ठेवायला दिली होती. त्यावर 18.640 छापलेलं. मी म्हटलं, हे किती? “अठरा टन सहाशे चाळीस किलो, गुरुजी. मुकादमाच्या वहीत अठराच लिहिले होते.” दशांश अपूर्णांक आम्ही चौथीला शिकवत नाही. वहीतले सहाशे चाळीस किलो कुठे गेले हे तिला बापाच्या आधी कळलं होतं. मूल्यमापनाच्या तक्त्यात या मुलीसाठी रकाना नव्हता. श्रेणी दिली, पाचवीला पाठवली, निकाल 100 टक्के.

प्रवर्गाच्या रकान्याबद्दलही तुम्ही विचारलंय, की यादीत खुल्या प्रवर्गातलं एकच मूल कसं. गावात त्या प्रवर्गातले लोक नाहीत असं समजू नका. ज्यांच्याकडे पाण्याची जमीन किंवा ट्रॅक्टर आहे त्यांची पोरं सकाळी पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. उरतात ती तांड्यावरची, वस्तीवरची आणि कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीच्या, घरची. यातली जी कोयत्यावरून सुटतात, त्यांनाही बाप पुढच्या वर्षी पिवळ्या गाडीतच घालतो. त्यात मुळात मुलंच कमी जन्मतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे 1.7 होता. पट घटला की लगेच ‘मास्तर शिकवत नाही’ म्हणतात. शिकवत नसलेले मास्तर मी पाहिलेत, नाही असं नाही. पण चांगल्या मास्तरांचेही पट घटलेले पाहिलेत.

शाळा टिकेल का? सप्टेंबर 2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा, विषय निघाला तेव्हा वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात 14,783 निघाल्या. मुलं 1,85,467 आणि शिक्षक 29,707. म्हणजे सरासरी साडेबारा मुलांची शाळा. एवढ्या शाळा एका फटक्यात बंद होत नाहीत, पण चर्चा दर दोन वर्षांनी होतेच. त्याआधी 2017 मध्ये दहाच्या आतल्या 1,314 शाळा बंद करायचं ठरलं तेव्हाही असाच गोंधळ झाला होता. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पहिली ते पाचवीची शाळा हवी, हा नियम अजून पुस्तकात आहे, तोच आडवा येतो.

तुम्ही काय कराल? जूनमध्ये शाळा बघू नका, तेव्हा सगळ्याच शाळा छान दिसतात, गुलाबाची फुलं वाटतात. रुजू होण्याआधी जमलं तर जानेवारीत एखाद्या सोमवारी न सांगता जा. हजेरीपट मागा आणि सप्टेंबरचं पान शेजारी ठेवून जानेवारीचं बघा. बाहेर गेलेल्यांची नावं गुरुजींना तोंडपाठ असली, त्यांना शिक्षण हमी कार्ड (दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून स्थलांतरित मुलाला देतात ते) दिलंय, ती कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहेत हे सांगता आलं, तर समजा माणूस कामाचा आहे. मग कुठल्याही मुलापुढे त्याने न वाचलेलं पान धरा. दोघांपैकी एक शिक्षक मतदार यादीत किंवा ऑनलाइन माहितीत अडकला की चारही वर्ग एका खोलीत बसतात, तेव्हा काय करतात तेही विचारा. काही जण हे फार सुंदर निभावतात, चौथीची मुलं पहिलीला घेऊन बसवतात.

तुमच्या मुलीला वर्गात मैत्रीण मिळेल का, ही मात्र खरी अडचण. तीन मुलांत तिघेही मुलगे असू शकतात. ते आधी बघा. मी असतो तर घातलं असतं, पण माझी मुलगी माझ्याच शाळेत होती, त्यामुळे माझं मत जरा झुकलेलं धरा.

आणि घालणारच असाल तर आधार कार्डासकट 30 सप्टेंबरच्या आत नाव घाला. आधार जुळलेलं मूलच पटात धरतात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने विसापर्यंत पटाच्या शाळेला नियमित शिक्षक एकच, दुसरा निवृत्तांमधून, अशी रेघ मारली होती. पुढे तो आकडा मागेपुढे झाला, पण वीस हा आकडा गुरुजी लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. तुमची मुलगी एकविसावी. पहिल्या दिवशी चहा जरा जास्तच गोड मिळेल.