शिकागो आगीमुळे मोठं झालं का?

प्रश्न: १८७१ च्या आगीत शिकागो जळलं म्हणूनच ते एवढं मोठं शहर झालं असं म्हणतात, खरं आहे का?

नाही. हे वाक्य मी आमच्या आतेभावाकडून दर दिवाळीच्या फोनवर ऐकतो म्हणून लिहायला बसलो. तो पुण्यात बांधकामाच्या धंद्यात आहे, पेठांतले जुने वाडे पाडायचा विषय निघाला की "शिकागो बघ, जळलं आणि सोनं झालं" हे ठरलेलं.

आकडेच बघा ना. १८३७ ला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा वस्ती चारेक हजार, १८५० ला तीस हजार आणि १८७० ला, म्हणजे आगीच्या आदल्या वर्षी, जवळपास तीन लाख. शहराला खरी कलाटणी देणारं वर्ष १८४८. त्या एकाच वर्षात ९६ मैलांचा इलिनॉय-मिशिगन कालवा सुरू झाला, पहिली रेल्वे धावली आणि धान्य व्यापाऱ्यांचं बोर्ड ऑफ ट्रेड उभं राहिलं. कालवा खणला मुख्यतः आयरिश मजुरांनी, आणि त्याने शिकागोला लागून असलेला लेक मिशिगन मिसिसिपी नदीला जोडला गेला, म्हणजे न्यूयॉर्कचा माल बोटीने थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाऊ शकत होता. मग रेल्वेवालेही इथेच येऊन मिळाले, गहू आला, लाकूड आलं, १८६५ ला युनियन स्टॉक यार्ड्स हा जनावरांचा मोठा बाजार उघडला आणि गुरं-डुकरं आली.

पण मला सांगायचंय ते शिकागोतल्या पिल्सन या वस्तीबद्दल. शिकायला आलो तेव्हा मी तिथे तळमजल्यावर भाड्याने राहायचो. फुटपाथवरून चार-पाच पायऱ्या खाली उतरायचं, मग अंगण, मग दार. खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसायचे, हिवाळ्यात मीठ लागून पांढरे पडलेले. मला वाटायचं बेसमेंट आहे, पण मालकीणबाई म्हणाल्या की घर खाली नाही गेलेलं, रस्ता वर आलाय. जमीन दलदलीची, सांडपाणी वाहून जायला उतारच नाही, १८५४ च्या कॉलऱ्यात शेकड्यांनी माणसं गेली. मग चेसब्रो नावाच्या इंजिनिअरने गटारं जमिनीच्या वरच टाकायला लावली आणि त्यावर भराव घालून रस्ते उचलले. डाउनटाउनमधल्या विटांच्या इमारती स्क्रू-जॅक लावून वर घेतल्या, १८६१ ला ट्रेमाँट हाऊस हे अख्खं हॉटेल उचललं. भाग-भाग करत हे काम पुढे वर्षानुवर्षं चाललं, आणि ज्यांना घर उचलणं परवडलं नाही त्यांची घरं अशी खाली राहिली. शहर मोठं झालं ते या असल्या चिवट, चिखलातल्या कामाने. १९०० मध्ये तर नदीच उलटी वळवली, शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या लेकमध्ये जाऊ नये म्हणून.

आतेभाऊ आला होता तेव्हा त्याला मुद्दाम पिल्सनची ही घरं दाखवायला नेलं. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "यापेक्षा पाडून नवं बांधलं असतं तर स्वस्त पडलं असतं." कोणाला स्वस्त? आग लागली डिकोव्हन स्ट्रीटवर, पिल्सनपासून जवळच, पण वाऱ्याने ती ईशान्येला गेली म्हणून पिल्सन वाचलं आणि घर गेलेले कितीतरी चेक लोक तिथे येऊन राहिले. सुमारे ३०० माणसं मेली, लाखभर बेघर झाली. नंतर शहरभर लाकडी घर बांधायचं नाही, विटांचंच, असा नियम येऊ घातला, तर जानेवारी १८७२ मध्ये नॉर्थ साइडचे जर्मन कामगार सिटी कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले, कारण विटांचे पैसे आणायचे कुठून? जळल्यावर सोनं कोणाचं झालं ते यातच आलं.

आता हेही खरं की आगीनंतर डाउनटाउनमध्ये धडाधड बांधकाम निघालं, आर्किटेक्ट लोकांची इथे रीघ लागली, आणि १८८५ ची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला बरेच जण पहिला स्कायस्क्रेपर म्हणतात, त्याच काळातली. ते मी नाकारत नाही. पण पुन्हा उभं करायला पैसा लगेच आला तो का? स्टॉक यार्ड्स शाबूत होते, रेल्वेचं जाळं आणि धान्याची बरीचशी कोठारं शाबूत होती, पूर्वेकडच्या सावकारांना माहीत होतं की गहू इथूनच जाणार आहे. हे नसतं तर जळलेलं गाव जळलेलंच राहिलं असतं. तेव्हा तुम्हाला कोणी वाडा पाडायला शिकागोचा दाखला दिला तर आधी विचारा, तुमचा कालवा कुठाय, आणि वाड्यातले भाडेकरू कुठे जाणार आहेत?