‘मी काय बालवाडीत आहे?’

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली, मुंबई-पुण्याची माणसं परत गेली की घरातल्या वृद्धांबद्दल सल्ला विचारायला माझ्याकडे येणाऱ्या फोनांचा सूर बदलतो. अंगणातल्या शेवाळावर पाय घसरेल म्हणून पावसाळाभर घरात बसलेली वडीलधारी मंडळी सणाच्या गर्दीत जरा खुललेली असतात. मग घर एकदम रिकामं होतं. दुपारी ऑक्टोबरचं ऊन, संध्याकाळी ढगांचा गडगडाट आणि सर. या दिवसांत ठरलेला प्रश्न येतो: “बाबा नुसते बसून असतात. खेळ आणले, रंगवायची वही आणली, कशालाच हात लावत नाहीत. जबरदस्ती करायची का? की ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे?”

हाच प्रश्न घेऊन गोव्याच्या फोंडा तालुक्यातली एक सून आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासरे 78 वर्षांचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, गावच्या जत्रेतल्या नाटकांचे जुने प्रॉम्प्टर. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, रोज दुपारी पत्त्यांचा, मेंढीकोटाचा डाव बसायचा, तिथे जाणं त्यांनी हळूहळू बंद केलं होतं. सुनेने हौसेने नक्षी रंगवायची वही आणि रंगीत पेन्सिली आणल्या. त्यांनी वही चाळली, मिटली आणि विचारलं, “मी काय बालवाडीत आहे?”

मला त्यांचं म्हणणं पटलं. ज्या माणसाने रात्र-रात्र अख्खं नाटक विंगेतून सांभाळलं, त्याला फुलाच्या पाकळ्या गुलाबी करायला सांगायचं, आणि तेही “वा, किती छान!” असं कौतुक करत! काही आजी-आजोबांना रंगवणं मनापासून आवडतं, त्यांनी जरूर रंगवावं. पण वय झालं की प्रत्येकाला तेच आवडेल, हे कोणी ठरवलं?

तरीही नकार म्हणजे फक्त मान दुखावणं, असं धरून चालत नाही. आधी तब्येत बघायची. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. मी त्यांच्याकडे बघून विचारलं की उत्तर नेमकं यायचं. खाली बघून टिपण करत विचारलं की उत्तर भलतंच. काकांना ऐकू कमी येत होतं. मेंढीकोट जोडीचा खेळ. हुकूम काय झाला हे ऐकलं नाही तर चुकीचं पान पडतं, हातची दश्शी जाते आणि भिडू सगळ्यांसमोर ओरडतो. असं काही वेळा झाल्यावर माणूस “मला कंटाळा येतो” म्हणतो. बहिरेपण कबूल करण्यापेक्षा कंटाळा कबूल करणं सोपं.

कानाच्या डॉक्टरांकडे मळ निघाला, पण वयोमानाने आलेलं बहिरेपण राहिलंच, श्रवणयंत्र लागलं. घरच्या डॉक्टरांनी थायरॉईड आणि बी-12 जीवनसत्त्वही तपासून घेतलं. वृद्धांसाठी 15 प्रश्नांची एक नैराश्य-चाचणी वापरतात. तिच्यात पूर्वीचे उद्योग आणि आवडी सोडून दिल्या का, हाही प्रश्न आहे. काकांची भूक-झोप ठीक होती, चाचणीतही काळजी करावी असं काही दिसलं नाही. हे सगळ्यांच्याच बाबतीत होत नाही. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा विसरभोळेपणाचा मुखवटा घालून येतं, आणि ते उपचारांनी बरं होऊ शकतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, “आता जगून काय करायचंय” अशी भाषा येत असेल, तर पत्ते आणि कागद बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी रुग्णालय आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कधीही लावता येतो.

आता खेळांबद्दल. सुनेला मी सांगितलं, बाबांना खेळायला बोलवू नका, त्यांच्याकडे काम घेऊन जा. दिवाळी तोंडावर होती. आकाशकंदिलाचा सांगाडा नातवाला जमत नव्हता, आणि हे खरंच जमत नव्हतं. मुद्दाम अडाणीपणाचं सोंग केलं तर म्हाताऱ्या माणसांना ते लगेच कळतं. बांबूच्या कामट्या आल्या. चिरण्याचं काम मुलाने केलं, कारण काका रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत होते आणि अशा माणसाच्या हाती कोयता देऊ नये. बांधणी काकांची. “बाय, हा कागद कंदिलाचा नव्हे, वाण्याच्या पुडीचा,” असं त्यांनी सुनेला सुनावलं. मी तिला म्हटलं, ही तक्रार झाली ते चांगलं झालं. त्यांनी स्वतः सांगून पतंगाचा कागद आणवला, घरात गव्हाच्या पिठाची खळ शिजवून घेतली. झिरमिळ्या कापताना बोटं दुखायची, म्हणून मोठ्या मुठीची कात्री आणली. टेबलावर गडद कापड अंथरलं, म्हणजे पांढरा कागद उठून दिसतो. वेळ सकाळची, चहानंतरची, आणि थकायच्या आधी थांबायचं.

पत्ते घरातच सुरू झाले, मोठ्या आकड्यांच्या कॅटने. पंखा हळू, टीव्ही बंद, आणि हुकूम बोलायचा तसा पाटीवरही लिहायचा. नातवाला त्यांनी ‘कोट’ चढवला त्या संध्याकाळी सुनेचा मला फोन आला. चारही दश्श्या घेतल्या म्हणत होती. अग्रशाळेतल्या डावाला मात्र ते परत गेले नाहीत. “तिथले सगळे लबाड,” म्हणाले. मीही आग्रह धरला नाही.

सगळ्यांत रंगल्या त्या नाट्यपदांच्या भेंड्या. शेजारच्या दोन काकू आल्या, कुणाच्या सुरांची काळजी कुणाला नव्हती, आणि अडलेल्याला पुढचा शब्द पुरवायला आमचे प्रॉम्प्टर होतेच.

ज्यांच्या घरी खरोखर स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे, त्यांनीही भेंड्या करून बघाव्यात. नावं-तारखा निसटल्या तरी जुनी गाणी पुष्कळदा टिकून असतात. फक्त “आठवतं का? हे कोण? सांगा बघू!” अशी परीक्षा नको. पहिली ओळ आपण म्हणायची आणि थांबायचं. त्यांनी पुढची उचलली तर उत्तम, नाही तर आपणच म्हणायची. अबोलीची फाती (वेणी) गुंफणं, सुपाऱ्या निवडणं, कवड्या रंगांप्रमाणे वेगळ्या करणं, ही हातांना ओळखीची कामं चांगली चालतात. आजार पुढे गेला असेल तर चिंचोके, कवड्या अशा बारीक वस्तू नजरेआड ठेवाव्यात, त्या तोंडात जाऊ शकतात.

आणि एखाद्या दिवशी “आज नको” म्हणाले तर नकोच. मात्र त्यांचं अर्धवट काम टेबलावरून उचलू नका, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ते झोपले असताना तुम्ही पूर्ण करून टाकू नका.