सात वर्षांचा मुलगा बोलता बोलता मध्येच ‘हरवतो’, ही तंद्री की आणखी काही?

बाई म्हणतात लक्ष नसतं आणि तुम्हाला मात्र वाटतंय की हे काहीतरी वेगळं आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण तुमची शंका सोडू नका. माझ्या मुलीचं हेच आम्ही वर्षभर तंद्री म्हणून काढलं, वर तिला रागावलोही. निघाली फिट.

फिट म्हटलं की हातपाय झाडणं, तोंडाला फेस एवढंच आपल्याला ठाऊक. ‘ॲबसेन्स’ प्रकारात मूल पडतसुद्धा नाही. नजर थिजते, कधी पापण्या फडफडतात, १०-१५ सेकंदांत सगळं संपतं. पण दिवसातून कितीतरी वेळा! बहुतेकदा ४ ते १० या वयात हे सुरू होतं.

तंद्री लागलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं, फिटमध्ये येत नाही. शिवाय तंद्री कंटाळा आल्यावर लागते. माझी मुलगी तर अगदी रंगात येऊन काही सांगतानाही अर्ध्या वाक्यात थांबायची. मधले सेकंद तिच्या लेखी झालेलेच नसायचे.

मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. आमच्या डॉक्टरांनी तिला भिरभिऱ्यावर जोरजोरात फुंकर मारायला लावली. दोनेक मिनिटांत ती आमच्यासमोर हरवली. भराभर श्वास घेतला की ही फिट येते. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढतानाही हेच करून घेतात, तेव्हा त्यात सेकंदाला साधारण ३ अशा ठरावीक लाटा दिसतात. (घरी हा प्रयोग नको.)

औषध म्हणून सहसा इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट देतात. ओळखीतल्या कुणाच्या मुलाला फिटसाठी चालणारी गोळी परस्पर देऊ नका. कार्बामाझेपिनसारख्या औषधाने हा प्रकार उलट वाढतो. बऱ्याच मुलांचं हे वयात येताना थांबतं. निदान होईपर्यंत पोहायला आणि रहदारीत सायकलवर एकटं सोडू नका.

आणि हो, आज त्याची श्रुतलेखनाची वही काढून बघा. आमच्या मुलीची चूक स्पेलिंगची किंवा वेलांटीची नसायची, वाक्यातले मधले दोन-तीन शब्दच गायब असायचे. बाईंनी प्रत्येक पानावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘लक्ष दे’.