लावणी आणि गणपतीच्या मधले दहा दिवस

मागच्या अंकात केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातल्या एका सकाळीवर मी चार ओळी काय लिहिल्या, या महिन्याचं सगळं टपाल आफ्रिकेनेच भरलं. आधीच सांगते, मी प्राण्यांची जाणकार नव्हे. बँकेत नोकरी केली, आता गुहागरला घर आणि मागे पोफळीची वाडी. २०१९ मध्ये केनिया आणि २०२३ मध्ये टांझानिया केलं, दोन्ही वेळा ऑगस्टात, आमच्या ह्यांच्याबरोबर. पहिल्या खेपेच्या चुका दुसऱ्या खेपेला टाळल्या, तेवढ्या भांडवलावर ही उत्तरं.

प्रश्न (देवगड) : आंब्यामुळे मार्च ते मे घर सोडता येत नाही. दिवाळीपासून मोहोर आणि फवारण्या. जून-जुलैत भात. आफ्रिकेतली सफारी आम्ही करायची तरी कधी? पावसाळ्यात प्राणी दिसतात का?

उत्तर : दादा, पावसाळा आपला, त्यांचा नव्हे. केनिया-टांझानियात पाऊस वर्षातून दोनदा येतो. मार्च ते मे मोठा, नोव्हेंबर-डिसेंबरात छोटा. तुम्ही इथे पेट्या भरत असता तेव्हा तिकडे गाड्या चिखलात रुतत असतात, म्हणजे आंब्यापायी तुमचं काहीच बुडत नाही. जून ते ऑक्टोबर कोरडं. गवत वाळून बसतं, पाणवठे मोजके उरतात आणि प्राणी त्यांच्याभोवती येतात. लावणी उरकली की ऑगस्टच्या सुरुवातीला निघा आणि गणपतीआधी घरी या. गणपती ऑगस्टातच असतील त्या वर्षी मात्र बेत पुढे ढकला. चाकरमानी दारात आणि घरधनी नैरोबीत, हे भावकी जन्मभर ऐकवील.

ऑगस्टात मारा नदीकाठी विल्डेबीस्टांचे, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप असतात. साधारण तेरा लाख जनावरं, शिवाय लाखांनी झेब्रे, पाऊस पडेल तिकडच्या गवतामागे वर्षभर फिरतात. जानेवारी ते मार्च ती टांझानियातल्या दक्षिण सेरेंगेटीत, न्दुतूच्या बाजूला. फेब्रुवारीत तिथे वासरं होतात. मग पश्चिमेकडून वर सरकत जुलै ते ऑक्टोबर मारा नदीपाशी. नदी कधी ओलांडायची हे मात्र त्यांचं तेच ठरवतात. आम्ही पहिल्या दिवशी काठावर चार तास बसलो. सर्वांत पुढचं जनावर पाण्यापर्यंत यायचं, हुंगायचं, मागे फिरायचं. की त्याच्यामागचे हजारो मागे. पऱ्याला लाल पाणी आलं की आपली गुरं अशीच अडून बसतात. हे म्हणाले, ‘ग्रामसभा चाललीय, ठराव काही होत नाही.’ दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अचानक एकाने उडी घातली आणि पुढची वीस मिनिटं नुसती धूळ, हंबरणं आणि पाण्यात मगरी. एकच रात्र राहिलो असतो तर काठावरची ग्रामसभा बघून परतलो असतो. म्हणून तिथे किमान तीन रात्री धरा.

पैशांचं ऐका. मसाई माराचं प्रवेश शुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर आहे, तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्या बारा तासांचं. तीन दिवसांचे दोघांचे नुसते फाटकाचे पैसे किती होतात ते तुम्हीच मांडा. एजंटच्या आकड्यात हे धरलंय का, हा पहिला प्रश्न विचारायचा.

प्रश्न (दापोली) : मी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका, यजमान ७१. एजंटने आठ दिवसांत पाच उद्यानांचा कार्यक्रम दिलाय. घ्यावा का? यजमानांचे गुडघे दुखतात. लस घ्यावीच लागते का?

उत्तर : बाई, नका घेऊ. २०१९ मध्ये आमच्या एजंटनेही अशीच माळ ओवली होती. अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मग मारा. रोज पाच-सहा तास गाडीत. त्या खडबडीत रस्त्यांना तिकडचे ड्रायव्हर हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी ह्यांना हसू येईना. पाचांतली तीन उद्यानं खोडा. गाडी उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर मागा आणि यजमानांना ड्रायव्हरशेजारी बसवा, मागच्या चाकांवर अजिबात नको.

टांझानिया निवडलंत तर तारांगिरे, न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटी एका वाटेवर येतात. तारांगिरेत हत्ती भरपूर आणि त्यांच्या पाठीमागे बाओबाब. बघताक्षणी मी ओरडले, ‘अहो, गोरखचिंच!’ आपल्या किनाऱ्यावर जुन्या गोरखचिंचा अधूनमधून दिसतात ना, त्याच. तिकडे त्यांचं रान आहे. न्गोरोंगोरो म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीची परात, तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर आणि कडा सहाशे मीटर उंच. खाली गेंडे दिसतात. राहायचं मात्र वर कड्यावर, आणि तिथे ऑगस्टात दात वाजतात. आपल्या कपाटात स्वेटर कुठला? मी पुण्याच्या भाचीचा मागून नेला. आणखी एक, सेरेंगेटी आणि मारा नकाशावर चिकटलेले दिसले तरी पर्यटकाला आतल्या आत सीमा ओलांडता येत नाही, दूरच्या ठाण्यावरून वळसा घालावा लागतो. दोन्ही एकाच फेरीत कोंबू नका.

एजंटशी घासाघीस हॉटेलच्या खोलीवरून करू नका, ड्रायव्हर-गाइड कोण आहे ते विचारा. २०२३ मधला आमचा गाइड मितभाषी होता. एका सकाळी त्याने इंजिन बंद केलं आणि नुसतं बोट दाखवलं. वीसेक झेब्रे चरणं सोडून एकाच दिशेला बघत उभे होते. दहा मिनिटांनी त्या दिशेच्या गवतातून सिंहीण उठली. उलट पहिल्या खेपेचा ड्रायव्हर वायरलेसवर ‘चुई’ म्हणजे बिबट्या ऐकला की सुसाट सुटायचा. पोचावं तर झाडाखाली पंचवीस गाड्या आणि फांदीवरून लोंबणारी एक शेपटी.

आता लस. केनियाहून परतताना आपल्या विमानतळावर यलो फीव्हर या डासांमुळे होणाऱ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र, मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. ही लस गावच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते, म्हणजे मुंबईची एक खेप आलीच. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं. पण साठीनंतर पहिल्यांदाच घेताना या लसीचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. आधी तुमच्या डॉक्टरांना दोघांची औषधं दाखवा, अंड्याची अॅलर्जी असेल तर तीही सांगा, मगच तिकिटं काढा. ह्यांनी ६१ व्या वर्षी घेतली, तीही डॉक्टरांनी सगळे कागद बघून हो म्हटल्यावर. मलेरियाच्या गोळ्याही त्यांनाच विचारा. ‘आम्ही डासांतच वाढलो’ हे आपलं पालुपद तिकडच्या मलेरियाला लागू नाही.

आणि यजमानांना गडद निळा शर्ट नेऊ देऊ नका. त्सेत्से माशीला निळा-काळा रंग इतका आवडतो की तिला पकडायचे सापळेही त्याच रंगांच्या कापडाचे असतात. आमचे हे तारांगिरेत नेव्ही ब्लू टी-शर्टात मिरवले. ती माशी कपड्यावरूनही चावते.

प्रश्न (मालवण) : माझी पर्यटकांची बोट आहे. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढलेली असते आणि मी रिकामा. आम्ही चार मित्र. स्वतः गाडी चालवत सफारी होते का?

उत्तर : होते रे बाबा, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात. मी गेलेले नाही, धाकटा दीर जाऊन आलाय. त्याच्याकडून खोदून विचारलेलं सांगते. उद्यान १९२६ चं, जवळजवळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर, मुख्य रस्ते डांबरी. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने आणि साधी कार चालते. जून ते ऑगस्ट तिथे हिवाळा. पाऊस नाही, झुडपं विरळ, डासही कमी. तुझी बोट वर असते नेमके तेच महिने. डांबरी रस्त्यावर वेग ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. सूर्यास्ताला कॅम्पचं फाटक बंद, उशीर केलास तर दंड. स्कुकुझा किंवा सताराच्या कॅम्पात खोल्या मिळतात, स्वयंपाकही करता येतो, पण आरक्षण कित्येक महिने आधी संपतं. आज लिहितोयस, आजच बघ.

हत्ती समोर आला तर हॉर्न नाही, फोटो नाही, गाडी हळूहळू मागे. काच खाली करून गाडीबाहेर अंग काढायचं नाही, गाडीतून उतरायचं तर मुळीच नाही. चौघांत एक जण तरी ‘काय होतंय’ म्हणणारा असतो, त्याच्या हातात चावी देऊ नकोस.

प्रश्न (मुरूड) : ऑगस्ट म्हणजे श्रावण. आमच्या घरी कडक पाळतात. खायचं काय?

उत्तर : चपाती. तिकडेही तिला चपातीच म्हणतात. बरोबर घेवड्याची उसळ, सुकुमा विकी नावाची हिरवी भाजी, मक्याचा घट्ट उगाली आणि चाय. गुजराती मंडळी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे ‘व्हेज’ म्हटल्यावर कोणी चमकत नाही. तिकडच्या स्वाहिली भाषेत दुकानाला दुका, पैशाला पेसा, विम्याला बिमा आणि गाडीला गारी. खुद्द ‘सफारी’ म्हणजे प्रवास, आपल्या ‘सफर’ची अरबी घरची बहीण. जंजिऱ्याच्या सिद्दींचं गाव तुमचं, वाऱ्यावर इकडून तिकडे काय काय गेलं-आलं ते मी तुम्हाला काय सांगू! फक्त लाडू-चिवडा डब्यातून न्या. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आतल्या छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान बहुधा पंधरा किलो आणि मऊ बॅगेतच. लाडू किती वळायचे ते त्यावर ठरवा.

प्रश्न (श्रीवर्धन, इयत्ता सातवी) : रात्री सिंह तंबूत येतो का?

उत्तर : बाळा, चेन नीट ओढलेली असली तर तंबू त्याच्या लेखी भिंतच. अंधार पडल्यावर एकटीने बाहेर पाऊल टाकायचं नाही, जेवायला जातानाही कॅम्पचा राखणदार बॅटरी घेऊन सोबत येतो. सिंहाची डरकाळी मी अंथरुणातून ऐकली, लांबून होती. जवळ जे आलं ते वेगळंच. मध्यरात्री कापडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, कर्र कर्र, मग मोठा सुस्कारा, पुन्हा कर्र कर्र. मला झोपेत वाटलं, गोठ्यातली कपिला सुटली. सकाळी राखणदाराने ओल्या मातीतली चार बोटांची खूण दाखवली आणि म्हणाला, ‘किबोको.’ पाणघोडा. नदीतून वर येऊन आमच्या दोरीपर्यंतचं सगळं गवत खाऊन गेला होता.