निळ्या टोपीचा हिशेब कोण ठेवतं?

निळी टोपी घालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेवर अब्जावधी डॉलर खर्च होतात, त्याचं ऑडिट कुणी करतं का, असं तुम्ही विचारलंय. माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ऑडिट होतं, आणि कसून होतं. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या लेखापरीक्षक मंडळावर तीन देशांचे सर्वोच्च लेखापरीक्षक असतात. आपले कॅग, म्हणजे भारताचे महालेखापरीक्षक, तिथे दोनदा होते, १९९३ ते १९९९ आणि २०१४ ते २०२०. त्याशिवाय १९९४ पासून अंतर्गत देखरेखीचं वेगळं कार्यालय आहे. अंदाजपत्रक आधी सल्लागार समिती तपासते, मग आमसभेची पैशाचे विषय पाहणारी पाचवी समिती. शांतिसेनेचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून, आणि मंडळाचा अहवाल दरवर्षी येतो.

तरीही घोटाळे झाले. खरेदी विभागातल्या अलेक्झांडर याकोव्हलेव्हनं २००५ मध्ये गुन्हा कबूल केला. २००७ मध्ये संजय बहल या भारतीय अधिकाऱ्याला मित्राच्या कंपनीकडे कंत्राटं वळवल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयानं दोषी ठरवलं. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते व्लादिमीर कुझ्नेत्सोव्हचं प्रकरण. ज्या सल्लागार समितीनं प्रत्येक खर्चाला प्रश्न विचारायचा, तिचाच हा अध्यक्ष. त्यालाही २००७ मध्येच काळ्या पैशाच्या व्यवहारात दोषी धरलं गेलं. राखणदारानंच हात मारल्यावर खालच्या कारकुनाला काय बोलायचं?

मात्र माझ्या मते मोठं दुखणं चोरीचं नाही. ते सदस्य देशांनी द्यायच्या वर्गणीचं आहे, आणि त्याचा पॅरा, म्हणजे ऑडिटमधला आक्षेप, कुठलाही ऑडिटर काढू शकत नाही.

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाही. भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा असे देश तुकड्या पाठवतात आणि त्या बदल्यात सरकारला दर सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते. २००२ नंतर बराच काळ हा दर १,०२८ डॉलर होता, २०१४ मध्ये १,३३२ झाला, जुलै २०२२ पासून १,४४८. गाड्या, जनरेटर, तंबू यांचं भाडं वेगळं. त्याची तपासणी इतकी काटेकोर की गाडी बंद आढळली तर त्या मुदतीचं भाडं कापलं जातं. ऑडिटर म्हणून मला हे पटतं.

आता दुसरी बाजू बघा. सुरक्षा परिषदेत मोहीम मंजूर करणाऱ्या पाच कायम सदस्यांवर वर्गणीचा जादा भार असतो. अमेरिकेचा वाटा अलीकडे २६ टक्क्यांच्या वर आहे. पण तिच्याच संसदेनं १९९४ मध्ये कायदा करून २५ टक्क्यांची मर्यादा घातली. ती अधूनमधून शिथिल झाली, एरवी फरक थकबाकीत साचत गेला. उशिरा पैसे देणाऱ्याला व्याज नाही, दंड नाही. सनदेचं १९ वं कलम म्हणतं की थकबाकी मागच्या दोन पूर्ण वर्षांच्या वर्गणीइतकी झाली तर आमसभेतलं मत जातं. म्हणजे त्या रेषेच्या अलीकडे राहणाऱ्याला काहीच होत नाही. झळ बसते ती सैन्य पाठवणाऱ्या देशाला, कारण मोहिमेच्या खात्यात रोकड नसेल तर त्याचंच बिल अडकतं.

हे आजचं नाही. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतल्या एलिझाबेथव्हिलजवळ शांतिसेनेतले आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढताना गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, २० डिसेंबरला, आमसभेनं आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारलं की काँगो आणि सुएझच्या मोहिमांचा खर्च हा संघटनेचा खर्च धरायचा की नाही? सोव्हिएत युनियन आणि फ्रान्स काँगोचे पैसे द्यायला तयार नव्हते. जुलै १९६२ मध्ये न्यायालयानं नऊ विरुद्ध पाच मतांनी 'होय' म्हटलं. तरी पैसे आले नाहीत. १९६४ च्या अधिवेशनात १९ वं कलम लावायची वेळ आली, तेव्हा ते टाळण्यासाठी आमसभेनं जवळपास सगळं अधिवेशन मतदानाशिवाय काढलं. आपला माणूस तिथे मेला, आणि त्या मोहिमेचं बिल कुणाचं यावर वर्षानुवर्षं वाद. हे वाचताना मला अजूनही राग येतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा तेच. पैसे नाहीत म्हणून नऊ मोहिमांमधले सुमारे एक चतुर्थांश सैनिक आणि पोलीस कमी करायचं जाहीर झालं. कुठल्या गावातली गस्त बंद करायची हे गरज पाहून नाही, तिजोरी पाहून ठरलं.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर लेखापरीक्षक मंडळाचा शांतिसेनेवरचा वार्षिक अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर मिळतो. सगळा वाचू नका. आधी मागच्या शिफारशींचं काय झालं तो तक्ता बघा. प्रलंबित पॅरे किती जुने आहेत त्यावरून प्रशासनाची नियत कळते. मग ताळेबंदात सदस्य देशांकडून येणं किती, आणि सैन्य पाठवणाऱ्यांना देणं किती, हे दोन आकडे शेजारी मांडा. काही अडलं तर इथेच विचारा, मी ओळीओळीनं समजावून सांगेन.