दावं माझ्या गोठ्यातलं होतं

गडचिरोलीकडच्या खेड्यातल्या चोवीस वर्षांच्या मुलाचं पत्र आहे. रोवणीच्या दिवसांत गावातलं एक लेकरू तापानं गेलं. भगतानं एका बुढीचं नाव घेतलं, आणि 'करणी केली' म्हणून लोकांनी तिला विजेच्या खांबाला बांधून मारलं. दावं यानं आपल्या गोठ्यातून आणून दिलं. ती वाचली, आता लेकीकडे आहे. 'ताई, मी काहून दिलं? मी राक्षस आहो का?' असं तो विचारतो.

बाळा, राक्षस नाहीस. पण दावं तूच दिलंस, त्यातून सुटका नाही.

अमेरिकेत 1961 साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी एक प्रयोग सुरू केला. समोरच्याला विजेचे झटके द्यायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत. प्रयोग घेणारा कोटातला माणूस 'चालू ठेवा' म्हणत राहिला आणि 40 पैकी 26 जण 450 व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. घाम फुटला, हात कापले, तरी गेले. मला मात्र त्यातला नंतरचा प्रकार मोलाचा वाटतो. झटके देणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या दोघांनी आधी नकार दिला, तेव्हा 40 पैकी शेवटपर्यंत फक्त 4 जण गेले.

तू लिहिलंस, पानठेल्यापाशी तुझा दोस्त मान खाली घालून उभा होता. म्हणजे तिथं दोघं होतात रे! दोघंही गप्प राहिलात, याचंच फार वाईट वाटतं. आधी त्याच्याकडे जा, मोकळं बोल. पुढच्या पावसात पुन्हा कुणाचं लेकरू तापेल, पुन्हा एखादं नाव निघेल.

मग दोघं मिळून वकिलाला भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी कर, नियमात बसलास तर फुकट वकील मिळेल. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, ती तुलाही होऊ शकते. तरी पोलिसांपुढे दाव्याची गोष्ट लपवू नकोस. मारणाऱ्यांची नावं सांगणारं कुणीतरी त्या बुढीला हवं आहे.

माफी मागायला एकदम तिच्या दारात जाऊ नकोस. तुला पाहून ती घाबरेल, शिवाय साक्षीदारावर दबाव आणला असंही होईल. वकिलामार्फत लेकीला विचार. ती नको म्हणाली तर नको.

रात्री झोप येत नाही म्हणतोस, तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.