"माहीत नाही, असंच बसलो"

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. अभ्यासात बरा, बोलण्यात तर वकीलच. लायसन नसताना गाडी चालवणं किती मूर्खपणाचं आहे यावर मध्यंतरी त्याने आम्हालाच भाषण ऐकवलं होतं, आणि गेल्या आठवड्यात रात्री दहाला हाच पोरगा मित्राच्या बाइकवर तिसरा बसून घरी आला, चालवणाऱ्याकडे लायसन नाही, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. का बसलास विचारलं तर म्हणतो, "माहीत नाही, असंच बसलो." हा खोटं बोलतोय का? की आम्हीच कुठे कमी पडलो? – एक वैतागलेली आई

उत्तर : खोटं नसावं हो ते. मला तर त्या रात्रीचं त्याचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच वाटतंय.

एक प्रयोग सांगते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम खेळायला दिला, कोणी १३ ते १६ वयाचे, कोणी १८ ते २२, बाकीचे २४ च्या पुढचे. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की अजून थोडं पुढे रेटायचं एवढंच ठरवायचं, जास्त रेटलं तर गाडी आपटणार. एकेकट्याने खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पण ज्यांच्या शेजारी दोन मित्र बसवले होते त्यांच्यात १३ ते १६ वाल्यांचं धोका घेणं दुपटीच्याही वर गेलं, मधल्या गटाचं पण वाढलं, मोठ्यांना मात्र कोणी बघतंय न बघतंय याने काही फरकच पडला नाही. पुढे २०११ मध्ये असाच गेम एमआरआयमध्ये झोपवून खेळायला दिला तेव्हा दिसलं की मित्र बघतायत एवढं नुसतं कळलं तरी किशोरवयीन मुलांच्या मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर खूश होणारा भाग जास्त पेटतो.

म्हणजे तुम्हाला भाषण देणारा मुलगा आणि बाइकवर बसणारा मुलगा, दोघं खरेच. भाषण सोफ्यावर बसून दिलेलं असतं, निवांत. बाइकवर बसायला मिळतात चार सेकंद, दोन जण "चल ना" म्हणत असतात आणि इंजिन चालू असतं. ही मजेची, उत्साहाची यंत्रणा वयात येताना एकदम जोर धरते, आणि तिला लगाम घालणारा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात तो, सावकाश, अगदी विशीतही पक्का होत राहतो. माहितीत तो कुठेच कमी नाहीये, त्यामुळे अपघाताचे व्हिडिओ दाखवून फारसं काही हाती लागणार नाही (दाखवले असतीलच तुम्ही, सगळेच दाखवतात). माझ्या हनुवटीवर टाक्यांची खूण आहे, चौदाव्या वर्षीची. भिंत उंच आहे हे मला नीट कळलं होतं, मी तर वर उभं राहून अंदाजसुद्धा घेतला होता, पण खाली पाच मैत्रिणी उभ्या होत्या ना.

मग करायचं काय, तर त्या चार सेकंदांची तयारी आधीच करून ठेवायची. मित्रांसमोर लाज न जाता म्हणता येईल असं एक वाक्य त्यालाच शोधू दे, "बाबा घ्यायला येतायत, निघालेत" वगैरे, आणि दोष खुशाल तुमच्यावर ढकलू दे. दुसरं, एक ठरलेला मेसेज ठेवा, नुसता टिंब चालेल. तो आला की तुम्ही लगेच फोन करून घरी बोलवायचं, घ्यायला जायचं, आणि रस्त्यात एक अक्षर विचारायचं नाही. जे काय बोलायचं ते सकाळी. हे तुम्हालाच जास्त जड जाईल, पण एकदा जरी गाडीत बसल्या बसल्या उलटतपासणी झाली ना, की पुढचा मेसेज येणार नाही.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे. अकरावीला कुठली शाखा घ्यायची यावरून घरात वाद चाललाय. आई म्हणते मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण होतो, तोवर निर्णय आम्हीच घेणार. हे खरंय का? – तुमची आईच्या आधी मासिक वाचणारी वाचक

उत्तर : अर्धं खरंय, आणि ते अर्धं आईने बरोब्बर स्वतःच्या सोयीने उचललंय!

२५ ला मेंदूत काही घंटा वाजत नाही. सहाव्या वर्षीच मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या जवळपास ९० टक्के झालेला असतो, पुढचं काम आतल्या जोडण्यांचं. न वापरलेल्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातल्यांवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण चढतं आणि निरोप भराभर जायला लागतात. हे हळूहळू चालतं, कोणाचं लवकर, कोणाचं उशिरा, विशीच्या पुढेही.

तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ११ देशांतल्या १० ते ३० वयाच्या पाच हजारांवर लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात शांतपणे माहिती तोलून विचार करायची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या बरोबरीला आलेली दिसली. भावनेच्या भरात स्वतःला आवरणं मात्र अठरानंतरही वाढतच होतं. शाखा निवडणं हे पहिल्या प्रकारचं काम आहे, आठवडे हातात असतात, लोकांना विचारता येतं, मत बदलता येतं. सोळाव्या वर्षी हे जमतं, आणि आईला हा परिच्छेद वाचून दाखवायला माझी ना नाही.

पण मैत्रीण घेतेय म्हणून मी पण, असं असेल तर तो बाइकवाला निर्णय झाला बघ. कागदावर लिही काय आवडतं, काय झेपत नाही, अजून काय माहीत नाहीये, आणि हे रात्री एक वाजता लिहू नकोस. वयात येताना झोप आपोआप उशिरा सरकते हे खरं, तरी गरज ८ ते १० तासांचीच असते, आणि झोप मोडलेल्या डोक्याला स्वतःचं सगळंच म्हणणं पटतं.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा रोज सकाळी कपडे निवडताना अर्धा तास घालतो आणि शेवटी रडतो. निर्णयक्षमता कमी आहे का?

उत्तर : नाही हो, कपाट मोठं आहे. एवढे पर्याय एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणं या वयात जमत नाही. रात्रीच दोन शर्ट काढून ठेवा, लाल की निळा, बस. त्याने लाल निवडला तर "निळा छान दिसला असता रे" असं म्हणायचं नाही.